मालकाच्या रकान्यात

दादा,

तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर कधी रागावले नव्हते. गेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? तो उलट बोलत नाही, मग भांडणाला रंग चढत नाही. पण यंदा मी रागावले आहे. आपल्या गावातल्या रोडच्या कडेच्या प्लॉटवरून परळीच्या कोर्टात दावा चालू आहे. दावा लावणाऱ्या आई आणि मी, आणि समोर मेंढरंवाल्या मामांचा मुलगा. हो, तेच मामा, ज्यांना तुम्ही त्या जागेत बसवलंत. मामा तुमच्यामागून गेले. मामी आहेत, थकल्या आहेत, मुलाजवळ तिथेच राहतात. आईला त्या जागेवर दोन खोल्या बांधायच्या आहेत. अर्धा जन्म तिनं कालव्याच्या कॉलनीतल्या सरकारी क्वार्टरात काढला, तुमच्यानंतर बीडला माझ्याबरोबर भाड्याच्या घरात राहिली, आणि आता म्हणते, निदान मरण तरी माझ्या स्वतःच्या उंबऱ्याच्या आत येऊ दे. तिचं मागणं एवढंच आहे, आणि मला तेवढंही पुरवता येत नाही.

तुम्ही कालवा निरीक्षक होतात, पण तुमचं बोलणं ऐकून कुणालाही वाटलं असतं की हा माणूस तहसील कचेरीत आहे. रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही त्या प्लॉटवर न्यायचात. तिथं बघायला काय होतं? चार दगड, बाभळीचं एक झुडूप आणि गावानं टाकलेला उकिरडा. तुम्ही त्या उकिरड्यावरही प्रेमानं नजर टाकायचात. मग मला मध्ये उभं करून चतुःसीमा म्हणून घ्यायचात. पूर्वेला रोड, दक्षिणेला सोसायटीचं गोदाम, पश्चिमेला पडीक, उत्तरेला बोळ. पाढ्यासारखी मी ते म्हणायची आणि चुकले की पुन्हा पूर्वेपासून सुरू. 'शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या जागेला नसतो. तिथं ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण त्यो घरपट्टी वसूल करायचा कागद हाय. मालकी देतं ते खरेदीखत, आन ते बी रजिस्ट्री केलेलं.' पाचवीतल्या मुलीला हे सांगणारा बाप अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल. माझं लक्ष त्या वेळी रोडच्या पलीकडं पेरू विकणाऱ्या बाईकडं असायचं. तरी ते सगळं डोक्यात राहिलं आणि आज वकील जे सांगतो त्यातलं निम्मं मला तुमच्या आवाजात ऐकू येतं.

अकरावीत मी एका मैत्रिणीच्या होस्टेलच्या कागदावर न वाचता जामीन म्हणून सही केली होती, ते आठवतं? तुम्ही जेवत होतात. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि म्हणालात, 'सही म्हंजी आपली जीभ काढून दुसऱ्याच्या हातात देणं हाय. मागून बोलाया गेलं तर तोंडात काय उरतंय?' त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आई माझ्यावर दुप्पट चिडली, कारण भाकरी वाया गेली. इतका कागदाचा माणूस, दादा. म्हणूनच तर राग येतो.

ती जागा आपल्याला मिळाली कशी, हे तुम्ही कधी सांगितलं नाही, आईनं सांगितलं. जागेचा मालक पुण्याला मुलाकडं निघाला होता आणि त्याला विकून मोकळं व्हायचं होतं. गावात कुजबुज झाली की बुद्धवाड्यातला माणूस कशाला रोडला येतोय, पण तोंडावर कुणी काही बोललं नाही. रजिस्ट्रीच्या दिवशी मात्र साक्षीला येतो म्हणून कबूल झालेल्याला नेमका ताप भरला. दुसऱ्याला विचारलं तर त्याच्याकडं पाहुणे आले. तिसऱ्याची म्हैस व्यायला झाली होती. साक्षीदार दोन लागतात. एक तुमच्या ऑफिसातले सहकारी होते, दुसरा मिळेना, आणि मालकाची रात्रीची पुण्याची गाडी. फाट्यावर मामा चहा पीत होते. ओळख तरी कसली! कालव्याच्या भरावावर मेंढरं घातली म्हणून तुम्ही त्यांना आदल्याच आठवड्यात झापलं होतं. तुम्ही विचारलंत. ते म्हणाले, 'मला लिवाया-वाचाया येत न्हाई. चालतंय का?' अंगठा चालतो, म्हणालात. त्यांनी मेंढरं मामींच्या हवाली केली आणि काठीसकट एस.टी.त चढले. कंडक्टर काठीवरून कुरकुरला म्हणे. कचेरीत कारकुनानं कागद वाचून दाखवला तर मामांनी सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलं, 'म्हंजी ही जागा आता ह्यांची झाली ना?' हो म्हटल्यावरच अंगठा टेकवला. तुमचे सहकारी ही गोष्ट सांगून हसायचे. तुम्ही कधी हसला नाहीत.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मामांची मेंढरं बसवायला कोरडी जागा मिळेना आणि तुम्ही म्हणालात, आपली जागा मोकळी आहे, बसवा तिथं. आधी काट्यांचं कुंपण झालं, मग पत्र्याचं शेड, मग मामी म्हणाल्या की लेकराला पावसात किती दिवस घेऊन फिरू, तेव्हा मातीच्या भिंती उभ्या राहिल्या. दर दिवाळीला मामा एक घोंगडी घेऊन क्वार्टरवर यायचे. आई त्यांना भाऊबीजेला ओवाळायची. ते माझे मामा झाले ते असे.

आता त्या दिवसाबद्दल. मी डी.एड.ला होते, सुट्टीत घरी आलेली. मामा दारात येतात, काठी भिंतीला टेकवतात आणि पायरीवर उकिडवे बसतात. तुम्ही म्हणता, आधी वर खुर्चीवर बसा. ते बसत नाहीत. मीटर घ्यायचं आहे, म्हणतात, लाइट ऑफिसवाला म्हणतो की मालकाचा कागद आण, त्याच्या परवानगीनं राहतो म्हणून. 'तेवढा परवानगीचा कागद द्या, दादा.' हात जोडून बोलतात. तुमचा चेहरा उतरलेला मला अजून दिसतो. तुम्ही म्हणता, 'मी आसला कागद देणार न्हाई,' आणि मामांना वाटतं तुम्ही नाही म्हणालात. ते उठून काठी शोधायला लागतात, ती समोरच असते. तुम्ही चपला घालून त्यांच्याबरोबर थेट ग्रामपंचायतीत जाता, मी मागोमाग. ग्रामसेवक भला माणूस होता. तो म्हणाला, 'साहेब, मालकाच्या रकान्यात तुमचं नाव लिहितो आणि राहणारा, भोगवटादार म्हणून ह्यांचं. म्हंजी पुढं लफडं न्हाई.' तुम्ही म्हणालात, 'भिंती कुणी घातल्या? ह्यांनी. मग घराचा मालक कोण? लिवा त्यांचं नाव.' त्यानं दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा तेच सांगितलं. मामांच्या नावानं घरपट्टीची पावती निघाली आणि मीटर बसलं.

घरी आल्यावर आई बोललीच. तुम्ही जगाला कागद शिकवता आणि स्वतःचा कागद असा सोडता? निदान राहायला दिली असं एका ओळीत लिहून अंगठा घ्या. तुम्ही बराच वेळ चूळ भरत होतात. मग म्हणालात, 'माझा बाप दुसऱ्याच्या दारात पायताण हातात घिऊन परवानग्या मागत हुबा ऱ्हायला. ज्या माणसानं गाव पाठ फिरवल्यावर माझ्यासाठी अंगठा दिला, त्यो माझ्या दारात तसाच हुबा राहावा व्हय?' मला त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला होता की मैत्रिणींना सांगत सुटले होते. तोच अभिमान आता नडतो आहे. तुम्हाला एवढंच वाटलं की परवानगी मागायला लावणं म्हणजे माणसाला खाली बसवणं. आणि कायदा म्हणतो, ती परवानगीच तुम्हाला तारू शकते, दुसरं काही नाही.

तुम्ही गेल्यावर मामा तुमच्या जलदानाच्या विधीला आले होते, लहान लेकरासारखे रडले. ते होते तोवर घोंगडीही येत राहिली. मग तेही गेले. मुलानं मेंढरं विकली, मातीच्या भिंती पाडून स्लॅब टाकला, पुढं शटर काढून पेंड-सरकीचं दुकान घातलं. आम्ही अडवलं नाही. अडवावं असं मनातही आलं नाही. मागल्या वर्षी आईनं खोल्यांचं काढलं तेव्हा आम्ही दोघी त्याला भेटायला गेलो. वाईट मुलगा नाही तो, दादा. वाईट असता तर बरं झालं असतं. त्यानं खुर्च्या पुसून दिल्या, थंडा मागवला. आईनं विषय काढल्यावर मात्र म्हणाला, 'आत्या, तुमी म्हणता तसं आसंल. पण मी हितंच वाढलो. घरपट्टी बापाच्या नावानं हुती, आता माझ्या नावानं हाय. मालक म्हणूनच लिवलंय, बगा तुमी. आता लेकरं घिऊन पुन्ना मेंढरामागं जाऊ का?' मी म्हटलं, निम्मी जागा तुझी, निम्मी आमची करू. तो म्हणाला, 'ताई, रोडला तोंड हाय एका शटरचं. मागल्या निम्म्यात तुमी राहिलात तर जायची वाट कुटून देऊ? आन पुढल्या निम्म्यात दुकान ठिवू का लेकरं ठिवू?' मग त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याला वाटलं, मार्ग सापडला. 'आत्याला मागली खोली देतो की मी! खुशाल राहा. मरूस्तोर राहा, कोण उठ म्हणतंय?'

आई थंडा न पिताच उठली. बीडच्या गाडीत तेलगाव येईपर्यंत तिकिटाच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, 'माझ्याच जागेत मी त्याच्या परवानगीनं राहू व्हय गं?' मला वाटलं, तुम्हीच माझ्या शेजारच्या सीटवर बसला आहात. दुसऱ्या आठवड्यात आम्ही वकील केला.

वकील तरुण आहे, हुशार आहे, आणि मी मास्तरीण म्हणून मला फळ्यावर लिहिल्यासारखं समजावतो. नमुना आठवर नाव आहे म्हणून कुणी मालक होत नाही, खरेदीखत आपलं आहे, मालकी आपली. मी म्हटलं, हे मला पाचवीपासून माहीत आहे. तो हसला. मग गंभीर झाला. समोरचा म्हणतो, बारा वर्षांहून कितीतरी जास्त काळ आम्ही उघडपणे मालक म्हणूनच राहतो आहोत, खऱ्या मालकाला ठाऊक होतं आणि त्यानं हटकलं नाही, म्हणून जागा आता आमची. ह्याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. पण जो परवानगीनं बसला तो शंभर वर्षं बसला तरी मालक होत नाही. तेव्हा सगळा दावा एकाच गोष्टीवर आहे, तुमच्या वडिलांनी परवानगी दिली होती की नाही. सिद्ध करायचं ओझं खरं तर त्याच्यावर आहे, म्हणाला, पण मालकाच्या रकान्यात त्याच्या बापाचं नाव तुमच्या वडिलांनी उभं राहून लिहवलंय, त्यामुळं आपल्याला काहीतरी हवं. कागद आहे? मी घोंगडीचं सांगितलं. 'घोंगडीची पावती असती तर!' म्हणाला. मग मामांच्या अंगठ्याचं सांगितलं, साक्षीदार म्हणून खरेदीखतावर असलेल्या. त्यावर तो खूश झाला. जागा कुणाची हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं हे त्यातून दिसतं. पण समोरच्याच्या वकिलानं त्याला उत्तर दिलं. आमचे वडील निरक्षर मेंढपाळ होते, अंगठा कुठं आणि कशासाठी घेतला हे त्यांना कळलं नाही. ते मी दोनदा वाचलं. सगळ्या कचेरीदेखत प्रश्न विचारून अंगठा देणाऱ्या माणसाला त्याच्याच मुलाच्या कागदात अडाणी करून टाकलं. ते विचारणं ऐकणारे तुमचे सहकारीही आता नाहीत, आणि ग्रामसेवकाचा पत्ता लागत नाही. आईच्या आणि माझ्या बोलण्याला किंमत कमी, कारण जागा आम्हालाच हवी आहे. 'त्यांच्या बाजूचं कुणी खरं बोलणारं आहे का?' वकिलानं विचारलं. आई पटकन म्हणाली, 'आहे की, मामी.'

मी एका रविवारी एकटीच गेले. मुलगा माल आणायला माजलगावला गेलाय म्हणून सुनेनं सांगितलं, आणि तीही शेजारी गेली. मामी मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. डोळ्यांनी आता फार कमी दिसतं. आवाजावरून ओळखलं आणि माझा हात चाचपून धरला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, तर त्याच म्हणाल्या, 'कशापायी आलीस ते मला ठावं हाय. तुझ्या बापानं बसवलं आमाला. म्हणाला, जागा मोकळी हाय, बसा. मी हुते की तितं.' मी विचारलं, कोर्टात सांगाल का? 'सांगन की. खरं सांगाया कशाचं भ्याव? मला वाट दिसत न्हाई, तू गाडीत घालून ने.' किती सोपं झालं होतं सगळं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. आईची चौकट, उंबरा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, 'मी आसं बोलले म्हंजी पोराचं दुकान जाईल न्हाई का?' मी शाळेतल्यासारखं उत्तर दिलं, ते कोर्ट ठरवेल. त्या म्हणाल्या, 'कोर्टाचं ऱ्हाऊ दे. तू सांग.' मी पर्स जवळ ओढली. 'आन मग त्यो मला ठिवील का गं? न्हाई ठिवलं तर मी कुटं जाऊ?' तक्रार नव्हती ती, दादा. रडत नव्हत्या. कुठली गाडी धरायची असं विचारावं तसं विचारत होत्या, मी शिकलेली आहे, मला माहीत असेल म्हणून. मी म्हणू शकले असते, आमच्याकडं या. तोंडाशी आलं होतं. पण ज्या घरातून त्यांच्या मुलाला काढायचं त्याच घरात त्यांना या म्हणायचं, हे कुठल्या तोंडानं बोलावं? त्या माझा हात धरून उत्तराची वाट बघत बसल्या आणि मी सुनेनं जाताना ठेवलेला चहा पिऊन निघाले.

हे लिहिताना वाटतं, तुम्ही असतात तर काय केलं असतंत? पण तुम्ही असतात तर ही वेळच आली नसती, आणि तुम्ही जे केलंत त्यामुळंच ही वेळ आली. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यातून बाहेर पडता येत नाही. तुम्हाला चूक म्हणावं तर मामा पायरीवर बसलेले दिसतात. बरोबर म्हणावं तर आई दिसते. गेल्या महिन्यात तिनं गवंड्याला फोन करून चौकटीला सागवान घ्यावं की बाभूळ, हे विचारून ठेवलंय.

साक्षीदारांची नावं द्यायच्या दिवशी वकिलानं विचारलं, म्हातारीचं काय झालं? मी म्हटलं, त्यांना आता काही आठवत नाही. त्यानं पेन खाली ठेवलं. मग अवघड आहे, म्हणाला. दावा चालू आहे, तारखा पडतात, खरेदीखत आपलं आहे, बघू काय होतं ते. मी चांगुलपणा केला असं मात्र समजू नका. आईच्या वाटणीचं मी परस्पर दुसऱ्याला देऊन टाकलं, आणि तेही धड दिलं नाही. नुसतं जमलं नाही मला.

हे पत्र जाणार कुठं नाही, म्हणून एक राहिलेलं सांगते. आईला 'आठवत नाही' सांगून भागलं नसतं. ती दुसऱ्या दिवशी आठवण करून द्यायला स्वतः गाडीत बसली असती. म्हणून तिला मी सांगितलं की मामी नाही म्हणाल्या, दादांनी आम्हाला बसवलंच नव्हतं असं म्हणाल्या. तेव्हापासून आई रोज सकाळी भाजी निवडताना मामींना शिव्या देते. खोटारडी म्हणते, इमान विकलं म्हणते, तिच्या नवऱ्याला भाऊ म्हणून ओवाळून हात झिजले म्हणते. मी समोर बसून तिच्याबरोबर भाजी निवडते.